खासगी तळ्याचा बांध: नव्या मालकाने तपासणी आणि निगा कशी ठेवावी

जमिनीसोबत एखादं तळंही पदरात पडलं की माणूस आधी होडी, गळ आणि काठावर बसायची जागा यांचा विचार करतो. ज्याच्या जोरावर ते पाणी तिथे थांबलंय त्या बांधाकडे बऱ्याच उशिरा लक्ष जातं, आणि तेही पाण्याच्या बाजूने. बांधाची तब्येत मात्र कळते ती त्याच्या कोरड्या बाजूला. दोन ते आठ-दहा मीटर उंचीचा मातीचा भराव, मालकी खासगी आणि वापर पोहणं, मासेमारी किंवा होड्यांसाठी, अशा बांधासाठी हे मार्गदर्शन आहे. काँक्रीटच्या आणि दगडी बांधाचं पुढे थोडक्यात येईल.

यातलं काहीही इंजिनिअरच्या तपासणीची जागा घेत नाही. पण इंजिनिअर वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणार. बाकीचे दिवस नजर तुमचीच.

आधी हिशेब: पाणी किती आणि खाली कोण

तळ्यातला साठा ढोबळपणे काढायला एक सोपं सूत्र आहे: पाण्याचं क्षेत्रफळ गुणिले बांधाजवळची सर्वांत जास्त खोली गुणिले ०.४. एक हेक्टरचं, चार मीटर खोल तळं घेतलं तर १०,००० × ४ × ०.४ म्हणजे १६,००० घनमीटर, वजनात १६,००० टन. एवढा बांध फुटला तर प्रत्यक्ष फुटींच्या नोंदींवरून बसवलेल्या सूत्रांनुसार प्रवाहाचा जोर सेकंदाला ५५-६० घनमीटरपर्यंत जाऊ शकतो. ज्या ओढ्यात एरवी घोटाभर पाणी असतं, त्यात हे येणार.

म्हणून पहिलं काम बांधावर नाही, बांधाखाली. ओढ्याच्या कडेने निदान दोन-तीन किलोमीटर चालत जा. घरं, रस्त्याच्या मोऱ्या, तंबूंची जागा, गोठे, विजेचे खांब, सगळं नकाशावर मांडा. धरणांचं धोक्यानुसार जे वर्गीकरण करतात ते खाली काय आहे यावरून होतं, बांध किती भक्कम आहे यावरून होत नाही. कागदावर ‘कमी धोका’ लिहिलेलं असलं तर एवढंच समजा की कधीतरी खाली कोणी राहत नव्हतं. त्यानंतर दहा घरं झाली असतील तर वर्ग बदलला, मग कागद काहीही म्हणो.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण जेमतेम १२ मीटर उंच होतं. वीजनिर्मिती थांबल्यानंतर ते केवळ विरंगुळ्याचं तळं म्हणून राहिलं होतं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे ते फुटलं आणि ३९ माणसं गेली. खालचा उतार जास्तच उभा होता, त्यावर झाडं माजली होती आणि काही वर्षं आधी तिथे माती घसरल्याचं जुन्या फोटोंत दिसत होतं. नेमकं कारण शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. बांधाच्या नोंदीच नसल्या की असंच होतं.

बांधाचे भाग ओळखा

वरचा सपाट भाग म्हणजे माथा. तो निदान तीन मीटर रुंद असावा. पाण्याकडचा उतार साधारण ३:१ (तीन मीटर आडवं, एक मीटर उभं) आणि कोरड्या बाजूचा २:१ ते २.५:१. कोरडा उतार २:१ पेक्षा उभा असेल तर तेवढ्याच कारणासाठीही इंजिनिअरला बोलवा. पाण्याकडे लाटांपासून बचाव म्हणून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर असतं. कोरडा उतार जमिनीला टेकतो तो पायथा. बांध दोन्ही टोकांना नैसर्गिक जमिनीला मिळतो तिथे उतारावर एक खाच तयार होते. पावसाचं पाणी तिथेच धावतं आणि पाझरही बऱ्याचदा तिथेच डोकावतो.

पाणी बाहेर जायच्या अधिकृत वाटा दोन: पुराचं पाणी नेणारा सांडवा, आणि तळं उतरवण्यासाठी बांधाच्या पोटातून गेलेला पाईप, म्हणजे विमोचक. काही तळ्यांत रोजचं जादा पाणी एका उभ्या पाईपमधून जातं आणि मातीचा सांडवा फक्त मोठ्या पुरात चालतो. तुमच्याकडे कोणती रचना आहे हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

कागद, खुंट्या आणि पहिली नोंद

आधीच्या मालकाकडून आणि सरकारी कचेरीतून मिळेल ते मिळवा: नकाशे, बांधकामाचं वर्ष, पाईप कशाचा, सांडवा किती पुरासाठी काढलेला, जुने तपासणी अहवाल. ठरावीक उंचीच्या किंवा साठ्याच्या वरच्या बांधाची नोंदणी आणि नियमित तपासणी बऱ्याच ठिकाणी कायद्याने सक्तीची असते, आणि जबाबदारी मालकाची. सांडव्यात किंवा माथ्यावर बदल करायलाही परवानगी लागू शकते. ती मर्यादा आपल्याला लागते का, हे आधीच विचारून घ्या.

मग माथ्यावर दर १० मीटरला एक खुंटी मारून क्रमांक घाला. डावं-उजवं नेहमी पाण्याकडे पाठ करून ठरवायचं. हा धरणवाल्यांचा सगळीकडचा रिवाज आहे आणि फोनवर इंजिनिअरशी बोलताना गोंधळ वाचतो. ‘उजव्या टोकाजवळ, पाच नंबरच्या खुंटीखाली, पायथ्यापासून दोन मीटर वर ओल’, अशी नोंद कोणालाही समजते. पाण्यात एक मोजपट्टी कायमची रोवा. पाण्याची पातळी न लिहिता केलेल्या पाझराच्या नोंदीला किंमत नाही. तळं भरलं की पाझर वाढणारच, आणि पातळी माहीत नसेल तर ती वाढ साधी की वाईट हे सांगता येत नाही.

पाच-सहा जागा ठरवून दर वेळी तिथूनच फोटो काढा. पिशवीत वही, टेप, मीटरभर लांबीची टोकदार सळई, पारदर्शक लेव्हल ट्यूब (दोन जागांची उंची ताडून बघायची पाण्याची नळी), १० लिटरची बादली, झाकणाची स्वच्छ काचेची बाटली, हातोडी आणि खुणेच्या खुंट्या एवढं पुरतं. घड्याळ आणि कॅमेरा फोनमध्ये आहेतच.

फेरी कशी मारायची

महिन्यातून एक फेरी. मोठ्या पावसानंतर, भूकंपाचा धक्का जाणवला तर, आणि तळं रिकामं करून पुन्हा भरताना वेगळी. भरतानाचा काळ सर्वांत नाजूक असतो, तेव्हा रोज जा. शक्यतो दोघांनी जावं. आधी गवत बोटभर-वीतभर ठेवून कापून घ्या. कमरेएवढ्या गवतात केलेली तपासणी म्हणजे नुसतं पायी फिरणं. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची बरी, कारण तिरप्या उन्हात फुगवटे आणि खळगे सावलीने उठून दिसतात.

सुरुवात माथ्यावरून. एका टोकाला बसून दुसऱ्या टोकापर्यंत कड नजरेने सरळ लावा. कुंपणाचे खांब, पिचिंगची वरची ओळ, पाण्याची कड यांत कुठे पोट किंवा वाक आहे का बघा. मग लेव्हल ट्यूबने माथ्यावरची सर्वांत खोलगट जागा शोधून ती सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा, म्हणजे ज्या कडेवरून पाणी सांडव्यात उतरतं तिच्यापेक्षा, किती वर आहे ते मोजा. नकाशात १.२ मीटर असेल आणि एका जागी माथा ३० सेंमी बसला असेल, तर सगळ्या बांधाला ९० सेंमीच उरले. पूर आला की पाणी सगळ्या माथ्यावरून सारखं जात नाही, त्या एका खोलगट जागेतून एकवटून जातं आणि तिथेच बांध कापतं.

खोलगट जागा भरताना गवत आणि वरची सैल माती काढा, खालची माती उकरून खरबरीत करा, बांधाच्याच जातीची चिकण माती १५ सेंमीच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थरावर धुम्मस करा. मातीची ओल इतकी हवी की मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण हाताला पाणी सुटणार नाही. खडी टाकून चाकोऱ्या बुजवणं ही नेहमीची चूक. खडीतून पाणी आरपार जातं, उलट खाली साचून भराव भिजवतं. माथ्याला किंचित ढाळ तळ्याच्या बाजूला द्या, म्हणजे पावसाचं पाणी कोरड्या उतारावर धावून घळी पाडणार नाही.

पाण्याकडच्या बाजूला लाटांनी कोरलेली पायरी आहे का ते बघा. मोटारबोटी चालत असतील तर ती हमखास सापडेल. नुसते दगड ओतून ती थांबत नाही. दगडांखाली खडी-वाळूचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) हवं, नाहीतर लाट दगडांच्या फटींतून माती ओढत राहते आणि दगड हळूहळू खाली बसतात.

कोरडा उतार नागमोडी चालत उतरायचा आणि दोन वाटांमधलं अंतर तीन मीटरच्या आत ठेवायचं. पायाखालची जमीन घट्ट आहे की लिबलिबीत, हे पायांना डोळ्यांच्या आधी कळतं. शंका येईल तिथे सळई रोवून बघा. शेवटी पूर्ण पायथा, दोन्ही खाचा, आणि पायथ्यापासून पुढे आणखी दहा-पंधरा मीटर जमीन.

पाझर: कोणता चालतो, कोणता नाही

मातीचा प्रत्येक बांध थोडाफार पाझरतो. पाझर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण तो दिसल्यावर मोजला नाही तर मात्र काळजीचं कारण आहे.

शोधायचा कसा? आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना एखादा पट्टा हिरवागार, लव्हाळा किंवा पाणकणीस उगवलेलं, जमीन चिबड, पायाचा ठसा उमटून त्यात पाणी भरणं. कुठे नारिंगी, तेलकट तवंगासारखा थर दिसतो. तो बहुधा लोहजीवाणूंचा असतो, स्वतः निरुपद्रवी, पण तिथे सतत पाणी येतं याची खूण.

पाझराची धार बांधली गेली असेल तर ती एका पन्हळीतून पाडून बादली भरायला लागणारा वेळ मोजा. १० लिटरला ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर. प्रवाह मोठा असेल तर ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेली पाटी आडवी लावतात. खाचेच्या टोकापासून पाणी ५ सेंमी वर असेल तर सेकंदाला सुमारे ०.८ लिटर, १० सेंमी असेल तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, त्यामुळे खाचेतली दोन सेंमीची वाढही किरकोळ समजू नका. उंची मात्र खाचेपासून जरा मागे, पाणी शांत असेल तिथे मोजायची.

प्रमाणापेक्षा रंग महत्त्वाचा. बाटली भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी माती बसलेली दिसली, तर पाणी बांधाच्या पोटातून माती घेऊन येतंय. अशी धूप बाहेरच्या तोंडापासून सुरू होते आणि मागे मागे, तळ्याच्या दिशेने नळी कोरत जाते. नळी जितकी लांब, तितकं तळ्यापर्यंतचं अंतर कमी, तितका पाण्याचा जोर जास्त. म्हणूनच बरेच महिने शांत असलेला पाझर शेवटच्या टप्प्यात काही तासांत हाताबाहेर जातो. गढूळ पाझर, अचानक वाढलेला पाझर आणि पातळी तीच असताना अचानक *थांबलेला* पाझर, या तिन्हींसाठी त्याच दिवशी फोन करायचा. थांबलेला कशाला, असं वाटेल. आतली नळी ढासळून बुजली असेल तर दाब दुसरीकडून वाट काढतो.

पायथ्यापलीकडे जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येऊन भोवती वाळूचं छोटं वारूळ होतं, ती उकळी. हीही त्याच आजाराची.

आता सर्वांत मोठी चूक: पाझराचं तोंड बुजवणं. माती, सिमेंट, प्लास्टिक, काहीही लावून कोरड्या बाजूचं तोंड बंद केलं की आतला दाब वाढतो आणि उतार भिजून घसरू शकतो. योग्य उपाय उलटा आहे: पाणी येऊ द्या, माती अडवा. तोंडावर आधी स्वच्छ जाडी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड खडी, असा वजनदार गाळण थर. उकळीभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं करून आतली पाण्याची पातळी वाढवतात. माती येणं थांबेल एवढंच कडं उंच करायचं, पाणी पूर्ण बंद होईल एवढं नाही. हे दोन्ही तात्पुरते उपाय. कायमचा गाळण थर कुठल्या वाळूचा आणि किती जाड, हे बांधाच्या मातीची चाळणी करून इंजिनिअर ठरवतो.

तळ्यात बेंटोनाइटची (ओली झाली की फुगणारी चिकण माती) पोती रिकामी करून गळती थांबवण्याचा सल्लाही मिळेल. तळ कोरडा असताना मातीत मिसळून दाबलेलं बेंटोनाइट उपयोगी पडतं. भरल्या तळ्यात ओतलेलं कुठे बसेल याची खात्री नसते, आणि बांधातल्या नळीवर तर तो उपाय नव्हेच.

सांडवा: इथे एक फळीही महाग पडते

मातीचे बांध मुख्यतः दोन कारणांनी फुटतात: आतून धुपून, किंवा पाणी माथ्यावरून गेल्याने. दुसरं टाळायचं असेल तर सांडवा मोकळा हवा.

रुंद उंबऱ्यावरून जाणाऱ्या पाण्याचा ढोबळ हिशेब असा: १.७ गुणिले रुंदी गुणिले खोलीचा दीड घात. सहा मीटर रुंद सांडवा, त्यावर अर्धा मीटर पाणी, म्हणजे सेकंदाला ३.६ घनमीटर. आता पोहायला खोली मिळावी म्हणून कोणी उंबऱ्यावर २० सेंमीच्या फळ्या लावल्या. पुरात पाणी त्याच पातळीला पोचलं तर सांडव्यावरून जाणारी खोली ३० सेंमीच उरली आणि वहन १.७ घनमीटरवर आलं. फळी २० सेंमीची, पण सांडवा अर्ध्याहून जास्त बुजला. वर तळ्यात जास्त पाणी साठलं ते वेगळंच.

माशांच्या जाळीचंही तेच. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीवर पुरात पालापाचोळा आणि ओंडके येऊन बसतात आणि तासाभरात तिची भिंत होते. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणावर हे घडलेलं आहे. श्रीमंत लोकांच्या मासेमारी-शिकारीच्या क्लबचं ते तळं. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा उतरवला होता, सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या, आणि तळाचे पाईप आधीच्या मालकाने काढून विकल्यावर पुन्हा बसवलेच नव्हते, त्यामुळे तळं उतरवायची सोय नव्हती. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून गेलं, बांध फुटला आणि खालच्या जॉन्सटाउन भागात २,२०० हून अधिक माणसं मेली. तेव्हाच्या तिन्ही चुका लहान तळ्यांवर आजही सर्रास दिसतात.

सांडव्यात झुडूप, होडीचा धक्का, ओंडका, कुंपण काहीही नको. मातीच्या सांडव्यावर दाट हरळी राखा आणि गाड्या नेऊ नका. काँक्रीटचा असेल तर हातोडीने ठोकत जा. पोकळ, बद्द आवाज आला तर खालची माती वाहून गेली आहे. शेवटी पाणी पडतं तिथे खड्डा पडून तो मागे सरकतोय का, हेही बघा. सांडवा बांधाला खेटून असेल तर असा खड्डा बांधाच्या पायथ्यापर्यंत पोचतो.

विमोचक आणि व्हॉल्व्ह

पाईप ही बांधाची सर्वांत नाजूक जागा. पाईपच्या खालच्या बगलेत माती नीट दाबता येत नाही, म्हणून पाणी पाईपच्या बाहेरून, त्याच्या अंगाने वाट शोधतं. पूर्वी यासाठी पाईपला काँक्रीटच्या कॉलर, म्हणजे भोवती रुंद कडी घालत. त्या कॉलरभोवतीही माती दाबणं अवघडच, म्हणून आता पाईपभोवती वाळूचा गाळण पडदा घालायची पद्धत आहे. तुमच्या जुन्या बांधात कॉलर असतील तर घाबरू नका, पण पाईपच्या खालच्या तोंडाभोवतीची ओल दर फेरीत बघा. पाणी पाईपच्या आतून येतंय की बाहेरून, हे वेगळं लिहा.

व्हॉल्व्ह पाण्याच्या बाजूला असेल तर तो बंद असताना पाईप रिकामा राहतो. तो फक्त खालच्या तोंडाशी असेल तर पाईपमध्ये कायम दाबाचं पाणी असतं, आणि पाईपला छिद्र पडलं की ते थेट भरावात शिरतं. कोलोरॅडोतलं लॉन लेक धरण १५ जुलै १९८२ ला फुटलं ते पाईप आणि व्हॉल्व्हच्या जोडातलं शिशाचं भरण निकामी झाल्याने. तेवढ्या गळतीने मातीचा भराव आतून धुतला गेला. पन्हळी पत्र्याचा पाईप असेल तर त्याचं आयुष्य पाणी आणि मातीनुसार साधारण २५ ते ५० वर्षं धरतात. बांधकामाचं वर्ष माहीत असणं इथे कामाला येतं. पाईपमध्ये कॅमेरा फिरवून घेणं हा त्यावरचा सगळ्यात खात्रीचा खर्च. स्वतः आत शिरायचं नाही. आत श्वास कोंडतो. आणि व्हॉल्व्ह उघडा असताना वरच्या तोंडाजवळ पोहणारा माणूस दाबाने तिथे चिकटला तर सुटत नाही.

व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून बंद करा. हळू, आणि खाली ओढ्यात कोणी नाही हे बघून. वर्षानुवर्षं न हललेला असेल तर जोर लावू नका. दांडा तुटला, किंवा उघडल्यावर झडपेत कचरा अडकून बंदच होईना, तर तळं रिकामं होईपर्यंत बघत बसावं लागेल. अशी पहिली चाचणी जाणत्या माणसासमोर करा.

तळं उतरवताना वेग दिवसाला ३० सेंमीच्या आत ठेवा, चिकण माती असेल तर त्याहून कमी. भिजलेल्या भरावातलं पाणी तितक्याच वेगाने बाहेर पडू शकत नाही आणि समोरचा पाण्याचा आधार गेला की पाण्याकडचा उतार घसरतो.

झाडं आणि बिळं

बांधावर झाड नको, सावलीसाठीसुद्धा नको. वादळात उन्मळलं तर मुळांसकट घमेलीच्या घमेली माती उचलतं, आणि मेलं तर मुळं कुजून भरावात पोकळ वाटा उरतात. पायथ्यापासूनही सात-आठ मीटर जागा मोकळी असावी. मनगटाएवढ्या झुडपांपर्यंत जमिनीलगत कापून चालतं. मोठी झाडं एका फटक्यात तोडून खोडं तशीच ठेवलीत तर पाच-दहा वर्षांनी त्या कुजलेल्या मुळांतून पाझर सुरू होईल. मोठं झाड काढायचं तर पाणी उतरवून, जाड मुळं खणून, खड्डा थरांनी दाबून भरून. हे काम इंजिनिअरच्या देखरेखीखालीच.

उंदीर, घुशी, खेकडे, जिथे जे असतील ते बिळं करतात. पाण्याच्या पातळीजवळचं बीळ जास्त वाईट, कारण पाझराचा रस्ता तितका आखूड होतो. आधी प्राणी घालवा, मग नऊ भाग माती आणि एक भाग सिमेंट पाण्यात कालवून पातळ राबडी करा आणि उभ्या पाईपने बिळात ओता. भरत आली की थांबा, बसू द्या, पुन्हा ओता. तोंडावर मातीचा गच्च थर आणि गवत. फक्त तोंड बुजवलेलं बीळ आतून तसंच पोकळ राहतं.

भेगा

उन्हाळ्यात माथ्यावर जाळीदार, उथळ भेगा पडतात. त्या वाळण्याच्या. बाकी दोन प्रकार ओळखा. बांधाच्या लांबीला समांतर भेग म्हणजे भराव असमान बसतोय किंवा उतार सरकू लागलाय. ती कमानीसारखी वळली असेल, एक कड खाली बसली असेल आणि पायथ्याशी फुगवटा असेल, तर ती घसरणच. आडवी भेग, म्हणजे तळ्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी, जास्त गंभीर. भरल्या तळ्यात ती पाण्याला तयार वाट असते.

भेग दिसली की दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, तारीख घाला, रुंदी मोजा, सळईने खोली बघा. मग प्लास्टिक अंथरून पावसाचं पाणी आत जाणार नाही असं करा. माती ढकलून लगेच बुजवू नका. ती कुठवर गेली आहे हे नंतर कळणार नाही. माथ्यावर अचानक पडलेला खड्डा ही वेगळीच गोष्ट: खालून माती गेली आहे. तो दिसल्यावर पाणी उतरवायला सुरुवात आणि इंजिनिअरला फोन, दोन्ही एकाच वेळी.

बांध काँक्रीटचा किंवा दगडी असेल तर

सांध्यांतून गळती, सरकलेले सांधे, गंजलेल्या सळया, दगडांमधला धुतलेला चुना हे बघायचं. खरी नजर पायथ्यावर: पडणाऱ्या पाण्याने पायाखालची माती किंवा खडक कोरला जातोय का. अशा बुटक्या बांधावरून पाणी वाहत असताना खाली फिरता भोवरा तयार होतो. तो वरून शांत दिसतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढून धरतो. बांधाच्या आणि सांडव्याच्या वर तरंगत्या पिंपांची दोरी लावा, फलक लावा, आणि पोहायची जागा तिथून लांब ठेवा.

वेळ आलीच तर

आणीबाणीचा कागद एका पानाचा असू द्या: खालच्या प्रत्येक घराचा फोन, पोलीस-अग्निशमन, इंजिनिअर, जेसीबीवाला, वाळू-खडी कुठे मिळेल, व्हॉल्व्हची किल्ली कुठे आहे. घरांची यादी वर्षातून एकदा ताजी करा. कोणत्या खुणेला काय करायचं तेही आधीच लिहा. पाझर वाढला पण स्वच्छ आहे: इंजिनिअर, आणि दर दोन तासांनी मोजणी. पाझर गढूळ, उतार घसरतोय किंवा पाणी माथ्याला टेकतंय: खालच्या लोकांना तयार राहायला सांगा, पाणी उतरवा. बांधाजवळ पाण्यात भोवरा दिसला, नळी उघडी पडली, पाणी माथ्यावरून चाललं: लोकांना लगेच हलवा, बाकी सगळं नंतर. भरल्या माथ्यावर कोणालाही कामाला उभं करू नका. पाणी सोडायला बांधात चर खणू नका, तोच फुटीचा रस्ता होतो.

विमोचक नसेल तर माथ्यावरून सायफन, म्हणजे एकदा भरला की पाणी आपोआप पलीकडे ओढून नेणारा पाईप, टाकता येतो, पण त्याचा आवाका ओळखून राहा. १५० मिमी व्यासाचा पाईप तीन मीटरच्या उतारावर सेकंदाला ४०-५० लिटर नेतो. एक हेक्टरचं तळं ३० सेंमी उतरवायला त्याला १७ ते २१ तास लागतात. म्हणजे सायफन अंदाज पाहून आदल्या दिवशी सुरू करायची गोष्ट आहे.

इंजिनिअरला बोलावताना

मातीच्या धरणांचं काम केलेलाच माणूस शोधा. इमारतींचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही. फोन करतानाच उंची, साठा, बांधकामाचं वर्ष, पाईपचा प्रकार, सांडव्याची रुंदी, माथ्याच्या खोलगट जागेचं मोजमाप, आणि पातळीसकट पाझराच्या नोंदी पाठवा. सांडव्याच्या वहनाचा नवा हिशेब मागून घ्या. पाणलोटात रस्ते आणि छपरं वाढली असतील तर त्याच पावसाला आता जास्त पाणी येतं आणि जुना हिशेब अपुरा पडतो. तो येईल त्या दिवशी गवत कापलेलं, तळं शक्यतो भरलेलं, कुलपांच्या किल्ल्या जागेवर आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस हजर असू द्या. रिकाम्या तळ्याच्या बांधाचा पाझर कोणालाच दाखवता येत नाही.